आरशातल्या नऊ ओळी

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका बहीण-भावाचं आहे, दोघांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, इथे त्यांना ताई आणि धाकटा म्हणते. त्यांची आत्या गेल्यावर तिच्या खोलीतलं सामान आवरताना कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेली एक फ्रेम सापडली. आत एक करडं चित्र. वर डावीकडे एक काळपट आकार, थोडा उजवीकडे कललेला, त्याच्या खाली पाण्यासारखा पसरलेला फिकट करडा डाग, आणि खाली उजव्या बाजूला हाताने लिहिलेल्या नऊ ओळी ज्या कुणालाच वाचता येत नव्हत्या. बाकी सगळा कोरा कागद.

मी प्रिंटमेकिंग शिकलेय आणि काही वर्षं लिथोच्या, म्हणजे दगडावरून चित्र छापायच्या, स्टुडिओत काम केलंय, म्हणून ताईनं मला फोटो पाठवला आणि विचारलं, "हे नक्की काय आहे? आणि ठेवू का काढून टाकू ते पण सांग."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तासाभरात मिळालं. दुसऱ्याला जवळजवळ आठ महिने लागले, आणि हे सगळं लिहितेय ते त्या आठ महिन्यांसाठी.

अडचण

अडचण वरवर साधी होती, चित्रात "काही नाही" असं दोघांना वाटत होतं. धाकटा तर म्हणाला, "ताई, ह्यात बघायचं काय? अक्षरं तरी वाचता आली असती तर गोष्ट वेगळी." ताईला मात्र ते टाकवत नव्हतं, कारण आत्यानं ते एवढी वर्षं जपलं होतं, पण नुसतं आत्याचं म्हणून भिंतीवर लावायचं हेही तिला पटत नव्हतं. ती म्हणाली, मला ते आवडायला हवंय पण आवडत नाहीये, आणि त्याचाच त्रास होतोय. मला हे फार प्रामाणिक वाटलं. बरेच लोक अमूर्त चित्रासमोर आल्यावर एकतर उगाच मान डोलावतात नाहीतर चटकन निघून जातात, ही दोन्ही करत नव्हती.

त्यात चित्राची तब्येत बरी नव्हती. जुन्या माउंटचा, म्हणजे चित्राभोवती बसवतात त्या खिडकी कापलेल्या चौकटीचा, पुठ्ठा आम्लयुक्त होता, त्यानं खिडकीच्या कडेनं कागदावर तपकिरी रेघ उमटवलेली, मागे चिकटपट्टी लावलेली आणि तिचा पिवळा गोंद पुढे झिरपायला लागलेला. आणि माउंटची खिडकी इतकी आखूड कापलेली की चित्राचा खालचा दोन बोटं भाग झाकला गेला होता. हे आम्हाला फ्रेम उघडल्यावरच कळलं.

आधी ते काय आहे हे बघणं

प्रत्यक्ष गेले तेव्हा दहापट भिंग घेऊन गेले. साध्या ऑफसेटवर छापलेलं पोस्टर असतं तर भिंगाखाली छपाईचे ठिपके ठरावीक रांगेत दिसतात. इथे तसं काही नव्हतं, काळ्या आकारात खडूचे कण होते, वेडेवाकडे, दगडाच्या पोताप्रमाणे कुठे दाट कुठे विरळ. आणि फिकट डागाच्या कडेला बारीक जाळी होती, डबकं सुकल्यावर काठाला मातीची नक्षी राहते ना तशी. ही जाळी लिथोत तेलकट शाई पाण्यात पातळ करून दगडावर सोडली आणि आपोआप सुकू दिली की येते, ब्रशनं मुद्दाम काढू म्हटलं तर जमत नाही. अर्थात ठिपके नसणं एवढ्यावरच मूळ प्रिंट असं म्हणता येत नाही, आणखी काही पद्धतींतही ते नसतात, पण खडूचा कण आणि ही जाळी एकत्र बघितल्यावर मला शंका उरली नाही.

लिथोग्राफ म्हणजे आपला जुना शब्द शिळाछाप, दगडावरून छापलेलं. पुष्कळांना वाटतं की दगड कोरतात. नाही. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं किंवा तेलकट शाईनं काढायचं, मग डिंकात थोडं नायट्रिक ॲसिड घालून ते वरून लावायचं, त्यानं काढलेला भाग तेल धरणारा होतो आणि बाकीचा पाणी धरणारा. मग ओल्या स्पंजनं दगड भिजवायचा, शाईचा रोलर फिरवायचा, शाई फक्त काढलेल्या जागी चिकटते. सगळा खेळ तेल आणि पाण्याच्या न पटण्याचा. म्हणूनच धातूच्या प्लेटवरून छापतात त्या एचिंगसारखी प्लेटच्या कडेची दाबलेली खूण इथे नसते आणि कलाकाराचा हात जसाच्या तसा कागदावर येतो, खडू दाबला तर दाबलेला, नुसता टेकवला तर टेकवलेला.

जसाच्या तसा, पण उलटा. दगडावर सरळ लिहिलं की कागदावर आरशातलं येतं. म्हणजे त्या नऊ ओळी वाचता येत नव्हत्या त्याचं कारण परकी लिपी वगैरे काही नव्हतं, कलाकारानं दगडावर सरळ लिहून दिलं होतं आणि उमटलं तसं राहू दिलं होतं. हे काही चुकून होत नाही, लिथोत पहिल्या दिवशीच शिकवतात की अक्षर उलटं काढा. १९५७ साली न्यूयॉर्कजवळच्या एका लिथो कार्यशाळेत कवी फ्रँक ओ'हारा आणि चित्रकार लॅरी रिव्हर्स एकाच दगडावर मिळून काम करायला लागले तेव्हा कवीला सगळं उलटं लिहावं लागलं होतं. एकेक अक्षर मागून पुढे, तरी त्यानं केलं. मग ज्यानं ते केलं नाही त्याला आपण ते वाचावं असं वाटत होतं का? हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हाच यायला हवा होता.

समोरचे पर्याय

पर्याय चार होते. धाकट्याचं म्हणणं, कुणाला हवं असेल त्याला देऊन टाकू. वाईट पर्याय नव्हता, ज्याला आवडेल त्याच्याकडे चित्र जावं हे बरोबरच आहे, पण ताई "अजून नाही" म्हणाली आणि ते तिथेच थांबलं.

दुसरा फ्रेमवाल्यानं सुचवला. खालची डागाळलेली कड कापून टाकायची, चित्र जुन्याच फ्रेममध्ये बसवायचं, वर रंगीत रुंद माउंट आणि चकचकीत काच, म्हणजे "उठाव येईल". तो मनापासून बोलत होता, रोज त्याच्याकडे येणाऱ्या कामात हेच चालतं. पण कापलेला कागद परत येत नाही. प्रिंटमध्ये कोरी कड हा चित्राचाच भाग असतो, पेन्सिलीतला नंबर, सही, शिक्का सगळं तिथेच असतं, आणि ह्या चित्रात तर कोरा कागदच निम्म्याहून जास्त काम करत होता.

तिसरा, डाग रसायनानं धुऊन काढायचे. मी स्वतः ह्याच्या विरोधात होते, कागद पांढरा होतो खरा पण जुन्या कागदाचा उबदार रंग पण जातो, आणि ह्या करड्या छटा त्या उबदार रंगावरच उभ्या होत्या.

चौथा, काहीच न कापता, आधी पेपर कॉन्झर्व्हेटरकडून, म्हणजे जुने कागद दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाकडून, मागची चिकटपट्टी काढून घ्यायची, मग आम्लरहित पुठ्ठा, आणि कागदाच्या चारही कडा दिसतील असं बसवायचं. खिडकीचं माउंटच नाही. ह्याला वेळ लागणार होता.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. चिकटपट्टी घरी ओढायची नाही एवढं मी बजावून सांगितलं होतं, कागदाचा वरचा थर सोबत निघून येतो. कॉन्झर्व्हेटरनं ती काढली, गोंदाचा राहिलेला पिवळेपणा शक्य तेवढा कमी केला, तपकिरी रेघ मात्र फिकट का होईना तशीच ठेवली. मग जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, फक्त वरच्या बाजूला, म्हणजे हवेतल्या दमटपणानं कागद फुगला-आकसला तरी त्याला हलायला जागा राहते. काच आणि कागद ह्यांच्यात अंतर ठेवलं.

आणि माउंट निघालं तेव्हा खालच्या त्या दोन बोटांत तीन गोष्टी निघाल्या. डावीकडे पेन्सिलीत ७/३०, म्हणजे तीस प्रतींच्या एडिशनमधली ही सातव्या नंबरची. उजवीकडे न लागणारी सही आणि तिच्या खाली शाई नसलेला, नुसता दाबून उठवलेला छोटा शिक्का. तो छापणाऱ्या कार्यशाळेचा किंवा मुद्रकाचा असतो, म्हणजे कलाकाराच्या सहीशेजारी छापणाऱ्या हाताची पण खूण, मला ही पद्धत फार आवडते. आणि तिसरी गोष्ट, मधोमध एक दहावी ओळ. ही सरळ होती! आरशातली नाही. पण इतकी तुटक आणि फिकी की अक्षरं लागेनात.

माझा अंदाज असा की ही एकच ओळ कलाकारानं ट्रान्सफर पेपरवर लिहून दगडावर उतरवली. तशानं दगडावर ती उलटी बसते आणि छापताना सरळ येते, पण उतरवताना थोडं थोडं गळतं, बारीक रेघा तुटतात. फ्रेमवाल्याचं ऐकलं असतं तर ही ओळ कचऱ्यात गेली असती.

चुकलेला निर्णय

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं आणि इथेच मी घाई केली. धाकट्यानं मोबाईलवर फोटो काढला, उलटा केला, आणि मला पाठवून म्हणाला, "बघ, आता वाचता येतंय!" मी पण उत्साहात लगेच वाचायला बसले. इंग्रजीत होतं, घाईचं हस्ताक्षर, नऊपैकी सात ओळी लागल्या. दोघांना कविता किंवा प्रेमपत्र निघेल असं वाटत होतं, आत्याबद्दल काहीतरी कळेल असंही कुठेतरी वाटत असावं. निघालं ते असं होतं: सुकू देऊ नकोस, स्पंज, थांब, रोलर जड आहे, पुन्हा, उजवीकडे कमी, पुन्हा. म्हणजे प्रेसवर काम करताना एकमेकांना सांगतात ना तेच. दगड मधेच सुकला तर शाई कोऱ्या भागाला पण धरते आणि छाप खराब होतो, म्हणून एक जण सतत ओलं करत असतो. तेच शब्द.

मला स्वतःला हे वाचून अंगावर काटा आला. लिथोची सुरुवातच अशा साध्या लिहिण्यातून झालीय. लिथो शोधून काढणाऱ्या आलोइस सेनेफेल्डरनं स्वतःच सांगितलेली गोष्ट आहे, १७९६ मध्ये त्याच्या आईला धुवायला द्यायच्या कपड्यांची यादी हवी होती, हाताशी कागद नव्हता, तर त्यानं मेणाच्या शाईनं ती समोरच्या दगडावर लिहिली, आणि मग त्यातून छापता येईल का ह्या प्रयोगाला लागला, तेल-पाण्याची खरी युक्ती त्याला पुढे दोनेक वर्षांनी सापडली. कपड्यांची यादी! तर मी हे सगळं दोघांना सांगितलं, आणि आम्ही ठरवलं की चित्राशेजारी एक लेबल लावायचं, त्यात सात ओळींचा मराठी अर्थ आणि थोडी माहिती. मीच लिहून दिलं.

त्यानंतर दोन महिने चित्र कुणीच बघितलं नाही. आलेला माणूस आधी लेबल वाचायचा, "अच्छा, असं आहे होय" म्हणायचा, एकदा वर नजर टाकायचा आणि पुढे. ताई पण. तिनंच एक दिवस फोन करून सांगितलं, "आता मला ते कळलंय, पण दिसेनासं झालंय." धाकट्यासाठी तर प्रकरण मिटलं होतं, कोडं सुटलं.

मग मी परत जाऊन चित्रासमोर बसले, शेजारी मोबाईलमधला उलटा केलेला फोटो ठेवून, आणि तेव्हा जे दिसलं ते मला आधी दिसायला हवं होतं. मूळ चित्रात, डावीकडून उजवीकडे वाचायची सवय असलेली आपली नजर डावीकडून शिरते, पहिल्यांदा काळा आकार भेटतो, त्याच्या कलण्याबरोबर ती खाली उजवीकडे घसरते आणि ओळींच्या सुट्या टोकांपाशी पोचते, कारण आरशातल्या लिखाणाची सरळ कड उजवीकडे असते आणि कमीजास्त लांबीची टोकं डावीकडे, आकाराकडे तोंड करून. नजर त्या टोकांमधून आत जाते आणि उजव्या सरळ कडेला टेकून थांबते, वाट संपल्यावर माणूस भिंतीला टेकतो तशी. उलट्या फोटोत ओळी डावीकडे येतात. नजर थेट शब्दांवर पडते, वाचायला लागते, आणि काळा आकार वर उजवीकडे उरलासुरला राहतो. चित्र मोडतं.

म्हणजे लिखाण न वाचता येणं हाच चित्राचा तोल होता. त्या ओळी आधी रेघा होत्या आणि मग शब्द, आणि आम्ही क्रम उलटा केला.

पुढे काय झालं

लेबल काढलं, कपाटात ठेवलं. कुणी विचारलंच तर दाखवायचं. चित्राची जागा पण बदलली, बैठकीच्या मोठ्या भिंतीवर ते हरवत होतं, आता आतल्या अरुंद पॅसेजमध्ये आहे, जिथे माणूस हातभर अंतरावरून जातो आणि थेट ऊन येत नाही. कागदावरच्या कामासाठी संग्रहालयांमध्ये साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच मंद उजेड ठेवायची शिफारस असते, उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं आणि परत भरून येत नाही. काळी शाई टिकाऊ असते पण कागद पिवळा पडतो. ताईला आधी वाटलं कमी उजेडात काय दिसणार, पण फिकट करडे रंग मंद उजेडातच उघडतात, भगभगीत दिव्याखाली ते सगळे एकच होऊन जातात. तिथे दोन आठवड्यांनी तिनं मला सांगितलं की मला वाटत होतं करडा एक आहे, तो निदान पाच आहे.

मी तिला एकच सांगितलं होतं, रोज जाता-येता दोन-तीन मिनिटं थांब, काही शोधू नकोस, आणि आठवड्यातून एकदा न बघता आठवणीनं काढून बघ. ती चित्रकार नाही, वहीत नुसत्या पेन्सिलीच्या खुणा. पण आठवणीनं काढताना काय राहून गेलं ते दुसऱ्या दिवशी चित्रासमोर आपोआप दिसतं. पहिल्या वहीपानात तिनं ओळी अगदी सारख्या काढल्या होत्या. चौथ्यात पाचवी ओळ खाली झुकलेली होती, कारण चित्रात ती खरंच झुकते, फिकट डागाची कड तिथे येते आणि एका अक्षराचं शेपूट त्या डागात शिरून जाड झालंय. मी एवढ्या वेळा भिंग लावून बघितलं होतं आणि हे मला दिसलं नव्हतं. त्या एका जागी शब्द आणि पाणी एकमेकात मिसळलेत, बाकी सगळ्या चित्रात ते एकमेकांपासून अंतर राखून आहेत, आणि हे एकदा दिसलं की त्या जागेवरून नजर हलत नाही.

मग तिला अजून एक दिसलं, काळ्या आकाराच्या मागे अगदी पुसट, जवळजवळ नाहीच अशी एक वक्र रेघ. लिथोचा दगड वापरून झाला की वाळूसारखी पूड आणि पाणी टाकून घासतात आणि त्याच्यावर नवीन काम करतात, घासणं जरा कमी पडलं तर आधीच्या चित्राची सावली नव्यात उमटते, स्टुडिओत त्याला घोस्ट म्हणतात. ही रेघ तशी असावी असं मला वाटतं. कुणाचं तरी आधीचं चित्र, जे आता कुठेच नाही, त्याची एक रेघ आत्याच्या कपाटामागे एवढी वर्षं होती.

धाकट्याचं मत बदललं का? थोडंसं. तो अजूनही म्हणतो की मी विकत घेतलं नसतं. पण पॅसेजमधला दिवा बदलायचा होता तेव्हा त्यानंच मंद दिवा आणून लावला.

आता करायचं तर

कापायचं नाही, ओढायचं नाही, आधी उघडून बघायचं हे सगळं परत तसंच करेन. बदलेन ते दुसरंच. मोबाईल खाली ठेवायला सांगेन, निदान महिनाभर. ओळी उलट्या आहेत हे कळलं त्या दिवशी मी असं म्हणायला हवं होतं की त्या उलट्या का ठेवल्या असतील ते आधी बघू, काय लिहिलंय ते नंतर. दोघांना वेगवेगळं बसवून काय दिसतं ते लिहून घ्यायला हवं होतं, कारण अर्थ कळायच्या आधीचं बघणं परत मिळत नाही, आणि धाकट्याचं ते बघणं मी घालवलं ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. ताईनं कष्टानं परत मिळवलं, पण ती आधीपासूनच अस्वस्थ होती.

अर्थ लावायचाच नाही असं मी म्हणत नाहीये. १९४८ मध्ये पॅरिसमध्ये तेरियाद ह्या प्रकाशकानं पिएर रव्हर्दीच्या कविता त्याच्याच हस्ताक्षरात छापल्या आणि पिकासोनं त्या पानांवर लाल रंगाचे जाड अमूर्त फटकारे लिथोनं काढले, तिथे शब्द वाचण्यासाठीच आहेत आणि तरी हस्ताक्षर रेघ म्हणून त्या लाल रेघांशी बोलतं. आमच्या चित्राची मागणी वेगळी होती एवढंच, आणि ती मागणी चित्रातच लिहिलेली होती, आरशात.

आणि "सुकू देऊ नकोस, थांब, पुन्हा" हे कळलेलं वाया गेलं असंही नाही. ताई म्हणते, आता ते शब्द मला आठवतात तेव्हा चित्रासमोर नाही आठवत, दुसरीकडेच कुठेतरी काम करताना आठवतात.

दहावी ओळ अजून लागलेली नाही. मी दोनदा प्रयत्न केला, एकदा बाजूनं टॉर्च धरून, एकदा मोठा फोटो काढून. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "राहू दे ना गं ती तशीच." मी भिंग पिशवीत ठेवलं आणि आम्ही दोघी थोडा वेळ पॅसेजमध्ये उभ्या राहिलो.